तीळ आहे, तसाच आहे

आमच्या विभागात सगळ्यांत कमी आजारी असलेली माणसं सगळ्यांत जास्त वर्षं येत राहतात. त्यांना दिसायला उत्तम दिसतं. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, कसलेही थेंब चालू नसतात. वर्षातून एकदा केसपेपर काढायचा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून घेऊन पाऊण तास बाकावर डोळे मिटून बसायचं, माझ्या खोलीत फोटो काढून घ्यायचे, सरांनी ‘तसाच आहे’ म्हणायचं आणि मोठ्या झालेल्या बाहुल्या घेऊन सोलापूरच्या उन्हात बाहेर पडायचं, एवढाच त्यांचा उपचार. ह्या मंडळींच्या डोळ्यात आत, पडद्याच्या मागे, तीळ असतो.

मी डॉक्टर नाही. ऑप्टोमेट्रीचा कोर्स करून ह्या हॉस्पिटलात लागले ती पडद्याच्या विभागातच राहिले. पडद्याचा फोटो काढणारा फंडस कॅमेरा, पडद्याच्या थरांचा छेद दाखवणारं ओसीटी, डोळ्याचा अल्ट्रासाऊंड म्हणजे बी-स्कॅन, ही मशीनं माझ्याकडे. निदान सरांचं, सही सरांची. पण ‘तसाच आहे’ म्हणायला त्यांना जे हाताशी लागतं ते सगळं माझ्या अंधाऱ्या खोलीत तयार होतं, आणि एवढ्याशा वाक्यामागे एवढी खटपट आमच्या हॉस्पिटलात दुसऱ्या कुठल्या टेबलावर होत नसेल. मोतीबिंदू काढला की विषय संपला. तिळाला हात लावायचा नसतो, आणि हात न लावण्यासाठी दर वर्षी नव्याने पुरावा गोळा करावा लागतो.

अंगावर असतो तोच हा प्रकार. रंग तयार करणाऱ्या पेशी कातडीत असतात तशा डोळ्यातही असतात. पडद्याच्या मागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा थर आहे, त्यात त्या एका जागी गोळा झाल्या की पाटीच्या रंगाचा, करडा, सपाट डाग दिसतो. कडा जराशा विरलेल्या. मोजायला माप म्हणजे डिस्क: डोळ्याची नस पडद्याला जिथे मिळते ती चकती, साधारण दीड मिलिमीटर व्यासाची. ‘दीड डिस्क रुंद, डिस्कपासून तीन डिस्क कानाकडे’ असं केसपेपरवर लिहिलेलं असतं. सर अजून हाताने चित्रही काढतात. वर्तुळं छापलेला कागद, रंगीत पेन्सिली. धमन्या लाल, शिरा निळ्या, कोरॉइडमधला तीळ तपकिरी. डोक्याला लावलेल्या दिव्यातून आणि हातातल्या भिंगातून पडदा उलटा दिसतो, म्हणून पेशंटला आडवं झोपवून त्याच्या छातीवर कागद उलटा ठेवायचा आणि दिसेल तसं उतरवायचं. कागद सरळ केला की चित्र आपोआप बरोबर येतं. नव्या मुलांना ही जादू वाटते. कॅमेरे असताना हे कशाला, असं ते विचारतात. सरांचं म्हणणं असं, की चित्र काढणारा माणूस डागाच्या कडेकडे निदान दहा मिनिटं तरी बघतो. फोटो काढणारा एक सेकंद.

तीळ सापडतो तो नेहमी दुसऱ्याच कुठल्या तरी निमित्ताने. साखर आहे म्हणून पडदा तपासायला आलेला, चाळिशीचा नंबर काढायला आलेली. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत चाळिशीपुढच्या गोऱ्या लोकांत शंभरातल्या साधारण साडेपाच जणांना तीळ आढळला, कृष्णवर्णीयांत शंभरात एकालाही नाही, ०.६ टक्के. आपल्याकडेही तो गोऱ्यांच्या मानाने कमीच. त्यातून आपला पडदाही मुळात गडद. तपकिरी पार्श्वभूमीवर करडा डाग शोधायचा तर नजर तयार लागते. तीळ कमी, म्हणून सवय कमी, आणि सवय कमी म्हणून एक तर नजरेतून सुटतो किंवा बघणारा घाबरतो. दोन्ही प्रकार आम्ही बघतो, दुसरा जास्त.

एक मुलगा पुण्याच्या एका कंपनीत कामाला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डोळ्याचा फोटो काढला गेला आणि रिपोर्टवर एक ओळ आली, ‘पिगमेंटेड लीजन, रूल आउट मॅलिग्नन्सी’. रिपोर्ट ईमेलने आला शुक्रवारी संध्याकाळी. शनिवार-रविवार त्याने काय काय वाचलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सोमवारी सकाळी आमच्याकडे हजर, बरोबर आई, वडील आणि एक मामा. मामांनी तर मुंबईला कुठे जायचं तेही ठरवून ठेवलं होतं. सरांनी थेंब घालून तपासलं, मला फोटो, ओसीटी आणि बी-स्कॅन करायला सांगितलं, आणि मग सगळ्या कुटुंबाला माझ्या खोलीत बोलावून तो डाग मॉनिटरवर मोठा करून दाखवला. “हा तीळ. सपाट आहे. पाणी नाही. वर हे पिवळे ठिपके दिसतात का? म्हणजे जुना आहे, बरीच वर्षं इथंच बसलाय. चार-पाच महिन्यांनी परत बघू.” मामा म्हणाले, “म्हणजे गाठ नाही ना डॉक्टर?” सर म्हणाले, “तुमच्या गालावर आहे ती गाठ आहे का?” मामांच्या गालावर खरोखरच मोठा तीळ होता. आई पहिल्यांदा हसली.

असं दाखवण्याने जेवढं काम होतं तेवढं बोलण्याने होत नाही, हे माझं मत झालंय. रिपोर्टवरची ओळ कुणालाही घाबरवते. डाग स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, त्याची कड कुठे संपते ते कळलं, की माणूस तो जवळजवळ आपला मानतो. पुढच्या वर्षी येऊन विचारतो, “दाखवा बघू, कसा आहे आमचा?”

आकडेही धीर देणारेच आहेत. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांचा हिशोब धरून २००५ साली अंदाज मांडला गेला: वर्षाला सुमारे ८८४५ तिळांमागे एक तीळ मेलॅनोमा होतो, म्हणजे कर्करोगाकडे वळतो. आपल्याकडे डोळ्यातला मेलॅनोमाच मुळात त्यांच्यापेक्षा कितीतरी दुर्मिळ. मग कशाला यायचं दर वर्षी? हा प्रश्न मला मुलाच्या मामांनी नाही, बार्शीकडच्या एका मावशींनी विचारला होता. एसटीचं भाडं, एका दिवसाचा रोज बुडणार, बरोबर मुलाला आणायचं तर त्याचाही बुडणार. “औषध नाही, ऑपरेशन नाही, नुसतं बघायला किती लांब यायचं ओ ताई?” प्रश्न रास्तच होता. उत्तर एवढंच, की त्या हजारोंतला एक कुठला ते आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि जो वळतो तो लिव्हरपर्यंत जाऊ शकतो, कधी कधी डोळ्यावर उपचार होऊन बरीच वर्षं लोटल्यावरसुद्धा. मात्र कुठल्या तिळावर जास्त लक्ष ठेवायचं आणि कुठल्यावर कमी, हे बऱ्यापैकी सांगता येतं.

त्यासाठीचा तक्ता माझ्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला आहे. फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलच्या डॉ. कॅरल शील्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो तीळ वर्षानुवर्षं बघून तो केला. २०१९ साली २३५५ तिळांवरून सुधारून जो निघाला त्यात सहा गोष्टी आहेत: जाडी २ मिलिमीटरच्या वर, ओसीटीवर पडद्याखाली पाणी, नजर कमी झालेली, वर नारिंगी रंगद्रव्य, अल्ट्रासाऊंडमध्ये गाभा पोकळ भासणं, आणि रुंदी ५ मिलिमीटरच्या वर. ह्यांतलं एकही नसेल तर पाच वर्षांत वळण्याची शक्यता सुमारे १ टक्का. एक असेल तर ११, दोन असतील तर २२, तीन असतील तर ३४. सर मात्र नव्या मुलांना हा तक्ता दाखवताना न चुकता सांगतात, की हे आकडे तिकडचे, बहुतेक गोऱ्या माणसांचे, आणि तेही मोठ्या केंद्राकडे मुद्दाम पाठवलेल्या तिळांचे. आपल्या मावशींच्या तिळाला ते जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण कशाकडे बघायचं त्याची यादी म्हणून ह्याहून चांगलं काही नाही.

इंग्लंडमधले डॉ. बर्टिल डमाटो ह्यांची एक वेगळी गुणपद्धत आहे, आणि खरं सांगायचं तर मला ती जवळची वाटते, कारण ती आमच्यासारख्यांसाठीच केलेली आहे, जिथे बी-स्कॅन नाही तिथे बसलेल्या ऑप्टोमेट्रिस्टसाठी. भूछत्रासारखा आकार, नारिंगी रंग, मोठेपणा, वाढ आणि पाणी, ह्या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. बेरीज शून्य आली तर साधा तीळ. तीन किंवा जास्त आली तर ताबडतोब तज्ज्ञाकडे. तालुक्याच्या गावी चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माझ्या दोन वर्गमैत्रिणींना मी हे कागदावर लिहून दिलंय.

ह्या पाचांतली चौथी गोष्ट, वाढ, एका भेटीत कळतच नाही. तिला मागचा फोटो लागतो. माझं खरं काम तिथून सुरू होतं.

दोन फोटो शेजारी ठेवून फरक काढायचा तर ते दोन्ही एकसारखे काढलेले हवेत. ऐकायला सोपं. फ्लॅश जरा जास्त झाला की तीळ फिका दिसतो. फोकस केसभर हलला की कड पसरते आणि तीळ मोठा वाटतो. पेशंटने जरा वर बघितलं की तोच तीळ फोटोच्या कोपऱ्यात जातो, तिथे आकार बदलतो. मधल्या काळात मोतीबिंदू वाढला असेल तर सगळाच पडदा पिवळट, धुरकट येतो. ह्याच्या उलट गंमत मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर: आतलं सगळं लख्ख दिसायला लागतं आणि तीळ एकदम काळा, ठसठशीत होऊन पुढे येतो. मागच्या फोटोशी लावला तर कुणीही म्हणेल, वाढला. वाढलेला नसतो. काच पुसली गेलेली असते, इतकंच.

म्हणून मी तिळाच्या पेशंटसाठी वेगळी वही ठेवते. कुठला कॅमेरा, किती अंशांचा फोटो, नजर कुठल्या दिव्याकडे ठेवायला सांगितली, फ्लॅश किती, बाहुली किती मिलिमीटर झाली होती. पुढच्या वर्षी फोटो काढण्याआधी मागचा फोटो शेजारच्या मॉनिटरवर उघडायचा आणि तसाच येईपर्यंत काढत राहायचं. “हनुवटी टेका, कपाळ पट्टीला लावा, हिरव्या दिव्याकडे बघा, आता मोठे उघडा, मोठे, मोठे,” हे मी दिवसातून किती वेळा म्हणते देव जाणे. कपाळपट्टीवर कुणाचं कुंकू, कुणाचा बुक्का लागलेला असतो. पंढरपूरकडून येणाऱ्यांचा जास्त. आजोबांची पापणी खाली आलेली असेल तर कापसाच्या काडीने उचलून धरावी लागते. साखरेच्या पेशंटची बाहुली तर काही केल्या पुरती उघडत नाही, दोनदा-तीनदा थेंब घालून पुन्हा बाकावर बसवायचं.

मग तुलना. नुसतं डागाकडे बघून मोठा-लहान ठरवायचं नाही, हे सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं. रक्तवाहिन्या बघायच्या. त्या जागा सोडत नाहीत. बार्शीच्या मावशींच्या तिळाच्या वरच्या कडेवरून एक बारीक शीर जाते. कड ओलांडल्यावर थोड्या अंतरावर तिला फाटा फुटतो, त्यातली एक फांदी परत खाली वळते. फाट्यापासून तिळाची कड किती लांब? शिरेच्या जाडीने मोजलं तर तीन शिरा बसतील एवढी. दर वर्षी तीनच बसतात. तिळाच्या मधोमध ड्रुसेन आहेत, रव्याचे कण सांडावेत तसे पिवळसर ठिपके. त्यातला कडेजवळचा एक ठिपका मला पाठ आहे. कडेने तो ठिपका किंवा तो फाटा गिळला, तर वाढला. आणि तरुण माणसाचा साधा तीळही बरीच वर्षं बघितलं तर अगदी हळूहळू वाढतो, हेही लक्षात ठेवायचं असतं. किती वाढला ह्याइतकंच किती दिवसांत वाढला हे महत्त्वाचं, आणि त्यासाठी जुने सगळे फोटो हवेत, फक्त मागचा नाही.

ह्यावरून आमच्याकडे एकदा चांगलाच वाद झाला. हॉस्पिटलने नवा वाइड-फील्ड कॅमेरा घेतला आणि जुना कॅमेरा बदलीत देऊन टाकायचं ठरवलं. नवा कॅमेरा उत्तमच. एका फोटोत जवळजवळ सगळा पडदा येतो, बाहुली फारशी मोठी नसली तरी चालतं. पण तो साध्या प्रकाशाने फोटो काढत नाही. लाल आणि हिरवा असे दोन लेझर वापरून रंग जुळवतो. त्यात तिळाचा रंग वेगळा येतो, आणि कडेकडचा पडदा ताणल्यासारखा दिसतो. जुन्या फोटोशी तुलना करायची सोयच राहणार नव्हती. मी अडून बसले. शेवटी सरांनी मध्यस्थी केली आणि जुना कॅमेरा आणखी काही काळ राहिला. तेवढ्यात जे जे तिळाचे पेशंट आले त्यांचे दोन्ही कॅमेऱ्यांवर, एकाच दिवशी, फोटो काढून घेतले. आता जुन्या-नव्यामध्ये तो एक दुवा आहे. खरेदीच्या कमिटीला अजूनही वाटतं, की मला जुन्या वस्तू टाकवत नाहीत.

नव्या कॅमेऱ्याचा एक फायदा मात्र मी मोकळ्या मनाने मान्य करते. लाल आणि हिरवा फोटो वेगवेगळा बघता येतो. लाल लेझर खोलवर जातो, हिरवा वरच्या थरांतच राहतो. त्यामुळे कोरॉइडमधला तीळ लाल फोटोत ठळक दिसतो आणि हिरव्यात गायब होतो. दोन्हींत दिसला तर तो बहुधा तीळ नव्हेच, पडद्याच्या स्वतःच्या रंगथरातला जन्मजात डाग. तो काळाकुळकुळीत, सपाट, कड सुरीने कापल्यासारखी. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘चर्पी’ म्हणतात. एकटा-दुकटा असेल तर निरुपद्रवी. पण दोन्ही डोळ्यांत, वेड्यावाकड्या आकाराचे बरेच डाग असतील तर सर घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता का ते विचारतात, कारण आतड्यात शेकडो गाठी होण्याच्या एका आनुवंशिक आजारात असे डाग असतात. डोळ्याच्या दवाखान्यात पोटाची चौकशी झाली की पेशंट जरा बिचकतो.

बी-स्कॅनची गोष्ट निराळी. तिथे हात महत्त्वाचा. मिटलेल्या पापणीवर गार जेल लावायचं, प्रोब टेकवायचा आणि पेशंटला मिटल्या डोळ्यांनीच डावीकडे, उजवीकडे, वर बघायला सांगायचं. ध्वनिलहरी तिळावर काटकोनात पडल्या पाहिजेत. जरा तिरका छेद गेला की जाडी जास्त येते, १.४ चा तीळ सहज १.७ दिसतो. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवलेला ठेवला तर कडा फुगतात, म्हणून शोधताना वाढवायचा, मोजताना उतरवायचा. एक मिलिमीटरच्या आतला तीळ बी-स्कॅनवर धड दिसतही नाही, तो ओसीटीवरच बघायचा. आणि ओसीटीचा आकडा बी-स्कॅनच्या आकड्याशी कधी लावायचा नाही. बाहेरून येणाऱ्या रिपोर्टवर नुसतं ‘जाडी १.८’ लिहिलेलं असतं. कशावर मोजली, मागची पांढरी भिंत धरून की सोडून, काही नाही. असा आकडा मी वहीत पेन्सिलीने लिहिते.

एकदा ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा ‘मेलॅनोमा’ असं स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी घेऊन आले. कानाकडच्या बाजूला, पडद्याच्या पार टोकाला, गडद उंचवटा. उंची बरीच. बघितल्यावर मलाही धस्स झालं. सरांनी त्यांची औषधं विचारली. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. शेजारी ताज्या रक्ताचे लाल पट्टे होते. सर म्हणाले, सहा आठवड्यांनी या. सहा आठवड्यांनी उंची निम्म्यावर आली होती. पडद्याखाली झालेला रक्तस्राव होता तो. रक्त ओसरतं, मेलॅनोमा आपोआप ओसरत नाही. विद्यार्थ्यांना सर ह्याच वेळी ती जुनी गोष्ट सांगतात: १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी आढाव्यात मेलॅनोमा समजलेल्या डोळ्यांपैकी जवळजवळ पाचातल्या एकात भलतंच काही निघालं होतं. डोळा काढून झाल्यावर ते कळून उपयोग काय? पुढे तिकडच्याच मोठ्या बहुकेंद्री अभ्यासाने १९९० साली पहिला हिशोब दिला तेव्हा ४१३ डोळ्यांत चूक फक्त २ डोळ्यांची होती. मधल्या काळात अल्ट्रासाऊंड आला होता, आणि थांबून पुन्हा बघायची सवयही.

आपल्या रंगाच्या माणसांत एक प्रकार मात्र दिसतो, मेलॅनोसायटोमा. डिस्कवरच बसलेला कोळशासारखा काळा उंचवटा. टेंपो चालवणाऱ्या एका माणसाचा असा फोटो मी काढला होता. इतका काळा, की कॅमेऱ्याचा फोकस त्यावर धरेचना. अशा डोळ्यांनाही एके काळी कॅन्सर समजून काढून टाकत. १९६२ साली झिमरमन आणि गॅरन ह्या दोन अमेरिकी तज्ज्ञांनी हा साधा, वेगळा प्रकार आहे हे दाखवून दिलं. शंभरातल्या एखाद-दुसऱ्यातच तो वळतो. पण नसेवर बसल्यामुळे नजरेची चौकट मात्र आक्रसू शकते, म्हणून त्याची दर वर्षी फील्ड टेस्ट होते. ती टेस्ट त्याला फोटोपेक्षा नकोशी वाटते. “गाडी चालवताना एवढं टक लावून बघत नाही मी,” म्हणतो.

आणि ओटाचा डाग. डोळ्याभोवतीच्या कातडीवर निळसर करडी छटा, डोळ्याच्या पांढऱ्यातही तसाच रंग. पूर्व आशियात हा बराच आढळतो, आपल्याकडेही दिसतो. पाच-सहा वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आजी आली होती. डाग जन्मापासूनचा, आणि आजींच्या मते त्याला सूनबाई जबाबदार. ग्रहण पाळलं नाही, विळीवर भाजी चिरली. सून मान खाली घालून उभी. सर म्हणाले, “आजी, हा डाग जपानात फार असतो. तिथल्या डॉक्टरचंच नाव आहे त्याला. तिथं कोण ग्रहण पाळतंय?” आजी काही पूर्ण पटल्या नाहीत, पण सून मान वर करून बघायला लागली. ह्या मुलीचं डोळ्याचं प्रेशर आणि पडदा दोन्ही दर वर्षी बघायचं, कारण त्या बाजूला काचबिंदूची आणि पुढे कधीतरी मेलॅनोमाची शक्यता इतरांपेक्षा जास्त. आजी स्वतः घेऊन येतात.

एका शिक्षकांचा तीळ मात्र वळला. पन्नाशीच्या आतले. तिकडे मेलॅनोमा सापडतो तो साधारण साठीला, आपल्याकडचे पेशंट बरेच तरुण असतात. तीळ सापडल्यापासून ते नेमाने येत होते, जाडी १.६ वर थांबलेली. मग ठरलेल्या तारखेच्या तीन महिने आधीच आले. “फळ्यावर मी आखलेली रेघ मलाच वाकडी दिसतीय.” ओसीटीवर पडद्याखाली काळी फट, म्हणजे पाणी. वरच्या थराची खालची बाजू दातेरी. ऑटोफ्लुरोसन्सवर (पडद्याची स्वतःची चमक टिपणारा फोटो), साध्या फोटोत जिथे नुसता मातकट रंग दिसत होता तिथे, चमकणारे ठिपके. बी-स्कॅनवर २.३. मी तीनदा मोजलं, मग सरांनी येऊन मोजलं. आमचं काम तिथे संपलं. त्यांना हैदराबादला पाठवलं, बरोबर सगळ्या वर्षांचे फोटो आणि आकडे. तिथल्या डॉक्टरांना वाढीचा वेग आयता मिळाला.

तिथे त्यांना प्लाक बसवला. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीवर बाहेरून, गाठीच्या बरोबर मागे, किरणोत्सारी वाटीसारखी चकती शिवायची आणि ठरलेले काही दिवस ठेवून काढून घ्यायची. मध्यम आकाराच्या मेलॅनोमात डोळा काढला काय किंवा प्लाक लावला काय, माणूस जगण्याच्या दृष्टीने फरक पडत नाही, हे त्याच बहुकेंद्री अमेरिकी अभ्यासाने २००१ साली दाखवलं. रुथेनियम-१०६ चे प्लाक पूर्वी परदेशातून यायचे; ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशी प्लाक तयार केल्याचं २०२० साली जाहीर झालं. वापरून झालेल्या अणुइंधनाच्या कचऱ्यातून ते रुथेनियम वेगळं काढतात. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच ते नववीच्या वर्गात शिकवून टाकलं. किरणांनी त्या डोळ्याची नजर बरीच गेली आहे, डोळा मात्र आहे. आता दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी करून रिपोर्ट आधी मला दाखवतात, मग सरांकडे जातात.

त्यांच्या बाबतीत सगळं जुळून आलं, कारण ते आले. न येणारे कितीतरी. फोन नंबर बदललेले असतात, सिम बंद असतं. काही जण फक्त थेंबांना कंटाळतात, दिवसभर जवळचं दिसत नाही म्हणून. स्कूटरवर येऊन ‘थेंब नको, तसंच बघा’ म्हणणारे तर रोजचे. म्हणून फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून देते, गाडी चालवत येऊ नये. आणि फोटो त्यांच्याच हवाली करते. एक प्रिंट फाइलमध्ये, एक फोनमध्ये. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तो इतका दाबला जातो, की फाटा आणि ठिपका दोन्ही जातात. हॉस्पिटलच्या हार्ड डिस्कचा मला भरवसा नाही. मावशींच्या साडीच्या दुकानाच्या पिशवीचा आहे. तेवीस कागद, एक रेशनकार्डाची झेरॉक्स आणि पहिल्या वर्षीचा फोटो त्यात अजून शाबूत आहे.

सध्या माझ्याकडे इंटर्नशिपची दोन मुलं आहेत. तिळाचा पेशंट आला की दोघांना वेगवेगळं बी-स्कॅन करायला लावते. दुसऱ्याने पहिल्याचा आकडा बघायचा नाही, आणि मागच्या वर्षीचा आकडा तर दोघांपैकी कुणीच नाही, कारण तो माहीत असला की हात आपोआप तिकडेच जातो. मग मी मोजते. तिन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायचे, कुणाचाही खोडायचा नाही. पेशंटचा वेळ जातो, मुलं कुरकुरतात. आणि एकदा पोरांनी मला हिशोब काढून दाखवला, की आमच्या तिघांच्या आकड्यांतला फरक हा मागच्या वर्षीच्या आणि ह्या वर्षीच्या फरकापेक्षा जास्त होता. मी तोही वहीत लिहून घेतला आणि सरांकडे पाठवला. सरांनी त्या पेशंटला वर्षाऐवजी सहा महिन्यांनी बोलावलंय.